थंड इंजिन आणि डिकीतली पिशवी

संक्रांतीच्या चार दिवस आधी ग्वाल्हेरच्या दौलतगंजातले आमचे जुने शेजारी गाडी घेऊन गॅरेजवर आले. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. लहानपणापासून मी त्यांना काकाच म्हणतो. गाडी 2013ची, चौदाशे सीसीची कॉमन रेल डिझेल, 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेली. मुलगी झाशीला दिली आहे, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी ग्वाल्हेर–झाशी–ग्वाल्हेर होतंच. तक्रार खरं तर काकूंची होती. हीटर लावला तरी पायाशी गार वारा येतो, पहाटे निघालं की झाशी येईपर्यंत शाल सोडवत नाही.

"हीटरचा पंखा तेवढा बघ," काका म्हणाले. "बाकी गाडी एक नंबर आहे. उन्हाळ्यात गरम व्हायची, ते काम करून घेतलं. आता काटा ‘सी’ सोडून वरच येत नाही. इंजिन थंडगार असतं."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते मी समजू शकतो. आमच्याकडे मे-जूनमध्ये पारा 45च्या पुढे जातो. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, वाफ जाण्याची वाट पाहत उभा राहिलेला माणूस इथे प्रत्येकाने पाहिलेला आहे, बहुतेकजण स्वतः तसे उभे राहिलेले आहेत. त्यामुळे काटा वर गेला की जीव खाली-वर होतो आणि काटा खाली असला की सगळं आलबेल वाटतं. थंड इंजिनाची तक्रार घेऊन गेल्या वीस वर्षांत माझ्याकडे मोजकीच माणसं आली असतील. थंड चालणारी इंजिनं मात्र मी शेकड्यांनी पाहिली, दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी आलेली. ॲव्हरेज पडलं, धूर येतो, ऑइल लवकर काळं होतं, पिकअप नाही, अशा कामांसाठी.

म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी काकांना जे समजावलं ते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. सिलिंडरच्या भिंती थंड असतील तर त्या हवेतली उष्णता ओढून घेतात. मग डिझेल पेटायला उशीर होतो, थोडं अर्धवट जळतं, थोडं जळतच नाही. पहाटे सायलेन्सरमधून निघणारा, डोळे चुरचुरवणारा पांढुरका धूर म्हणजे हेच न जळलेलं डिझेल. इसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इंजिन थंड दिसतं, म्हणून तो डिझेल वाढवतो, फवारणीची वेळ बदलतो. इंजिन तापेपर्यंत पाच-दहा मिनिटं हे चालणं ठीक आहे. पण इंजिन कधी तापतच नसेल तर ती पाच मिनिटं झाशीपर्यंत संपत नाहीत.

न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतं, तिथली ऑइलची पातळ फिल्म धुऊन काढतं आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी जिथे ऑइल साठतं तिथे, ऑइलात मिसळतं. शिवाय पाणी. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं, हे फारसं कोणाला माहीत नसतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं. थोडं रिंगांच्या फटीतून खाली उतरतं. ऑइल चांगलं तापलेलं असेल तर ते उडून जातं. ऑइल कोमटच राहिलं तर ते तिथेच साठतं, आणि डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्ल होतं. थंड इंजिन एका दिवसात बंद पडत नाही, ते आतून झिजत जातं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 गाड्यांना तर ही चैन अजिबात परवडत नाही. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळीचं फिल्टर असतं आणि इंजिन पुरेसं तापल्याशिवाय ते फिल्टर स्वतःला जाळून साफ करायला घेत नाही.

काकांना वहीत हिशेब ठेवायची सवय आहे. प्रत्येक वेळी टाकी फुल, तारीख, किलोमीटर, लिटर. ती वही गाडीतच होती. मी मागची पानं चाळली. मार्च-एप्रिलमध्ये 18 ते 19चं ॲव्हरेज. जूनपासून 16. नोव्हेंबर उतरल्यावर 15च्याही खाली. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, लावायच्या आधीच निम्मं निदान त्या वहीने करून दिलं. जे बिघडलं ते मे ते जूनच्या दरम्यान बिघडलं होतं आणि थंडी वाढली तसं ते उघडं पडत गेलं होतं.

"मे महिन्यात काय काम केलं होतं, काका?"

"अरे, झाशीहून येताना डबऱ्याच्या बाजारात अडकलो होतो. एसी चालू. काटा एकदम वर. बंद केली, तासभर थांबलो. दुसऱ्या दिवशी एका मिस्त्रीने रेडिएटरचं काम केलं, अठराशे रुपये घेतले. तेव्हापासून एकदाही गरम नाही."

"डबऱ्याच्या आधी, हायवेला धावताना चढला होता काटा?"

"नाही. हायवेला काहीच नव्हतं. गर्दीतच."

हे उत्तर मी कागदावर लिहून ठेवलं. धावताना इंजिन गरम होत असेल तर संशय पाण्यावर, रेडिएटरच्या नळ्यांवर, वॉटर पंपावर जातो. धावताना ठीक आणि उभं राहिलं की गरम, असं असेल तर रेडिएटरला हवा मिळत नाही, म्हणजे पंखा. सध्या प्रश्न गरमीचा नव्हता. पण तो प्रश्न कसा सुटला होता, हे कळल्याशिवाय आजचा प्रश्न सुटणार नव्हता.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. थंड इंजिनाची तपासणी थंड इंजिनावरच सुरू करायची असते, आणि त्यातली पहिली पायरी बहुतेकजण वगळतात. सकाळी सात वाजता स्टार्टर न मारता फक्त चावी ऑन करून स्कॅनरवर दोन आकडे पाहिले. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान 8 अंश, आत येणाऱ्या हवेचं तापमान 8 अंश. भिंतीवरचा थर्मामीटर 9 दाखवत होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. कूलंट सेन्सर तिथेच उणे 20 किंवा 40 दाखवत असता, तर इंजिन थंड आहे की सेन्सर खोटं बोलतोय, हा निवाडा आधी करावा लागला असता. सेन्सरचं कनेक्टर काढून ओहम मोजले तरी चालतं; या गाडीतल्यासारख्या सेन्सरचा रोध 20 अंशांना सुमारे 2500 ओहम आणि 80 अंशांना सव्वातीनशेच्या आसपास असतो. तापमान वाढेल तसा रोध उतरतो. पण एका टोकाला सेन्सर बरोबर आहे एवढं कळलं होतं, दुसरं टोक रस्त्यावर तपासायचं होतं.

रेडिएटरचं झाकण उघडलं. पातळी गळ्यापर्यंत, म्हणजे कमी नाही. हेही पाहावं लागतं, कारण पाणी कमी असेल तर सेन्सरचं टोक पाण्याबाहेर हवेत राहतं आणि इंजिन उकळत असलं तरी आकडा थंड दिसतो. पातळी ठीक होती, पण आत कूलंट नव्हतंच. चहाच्या रंगाचं नुसतं पाणी. बोट बुडवून चोळलं तर बारीक गंज.

स्कॅनरमध्ये एक जुना कोड पडून होता, पी 0480. रेडिएटर पंख्याच्या कंट्रोल सर्किटचा. इंजिन थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाही असं सांगणारा पी 0128 हा कोड या गाडीने टाकलेलाच नव्हता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. तो कोड नाही म्हणून थर्मोस्टॅट निर्दोष, असं मानून मी थांबलो नाही.

मग गाडी सुरू केली. पुढचा पंखा मात्र चावी ऑन केल्यापासूनच पूर्ण वेगाने फिरत होता. इंजिन 8 अंशांवर, एसी बंद आणि पंखा गरगरतोय. फ्यूज बॉक्स उघडला. पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच म्हणजे रिले. त्याच्या जागी रिले नव्हता. दोन खाचांमध्ये जाड तांबड्या वायरचा तुकडा खोचलेला. चावी ऑन की पंखा ऑन. आमच्याकडे याला ‘पंखा डायरेक्ट केला’ म्हणतात आणि उन्हाळ्यात हे काम दहा मिनिटांत होतं.

इथे हाताला चटका बसायची जागा आहे. कारण समोर सापडलं, वायर काढली, नवा रिले बसवला, गाडी देऊन टाकली, असं इथे सहज होऊ शकतं. पण नुसता डायरेक्ट पंखा एवढं थंड इंजिन करू शकत नाही. थर्मोस्टॅट बंद असताना गरम पाणी रेडिएटरकडे जातच नाही, ते इंजिनातल्या इंजिनात आणि हीटरच्या जाळीतून फिरतं. मग पंखा त्या थंड रेडिएटरवर कितीही वारा घालो. इंजिन तापायला थोडा वेळ जास्त लागेल, पण तापेल. म्हणजे अजून काहीतरी होतं.

पंख्याचा फ्यूज काढला आणि इंजिन स्लोवर ठेवून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपवर तळहात ठेवून उभा राहिलो. महागड्या उपकरणांच्या आधीपासून चालत आलेली ही तपासणी आजही तितकीच खरी आहे. या इंजिनात थर्मोस्टॅट हेडमधून पाणी बाहेर पडतं तिथे, वरच्या होजच्या तोंडाशी बसतो. तो चांगला असेल तर इंजिन 80च्या पुढे जाईपर्यंत वरचा होज थंड राहतो, आणि मग अर्ध्या-एक मिनिटात एकदम असा तापतो की हात ठेववत नाही. इथे उलट झालं. इंजिन 25 अंश, होज हलका कोमट. इंजिन 34, होज 33. दोघं हातात हात घालून चढत होते. पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत होतं.

तरीही मी रस्त्यावर गेलो. थर्मोस्टॅटचा अंतिम निवाडा उभ्या गाडीवर करू नये, निदान डिझेलमध्ये तरी नाही. पेट्रोल इंजिनात स्लोवर हवाही कमी जाते आणि पेट्रोलही. डिझेल इंजिनात हवा अडवून वेग कमी करत नाहीत. स्लोवरही सिलिंडर हवेने भरतोच, फक्त डिझेल अगदी थेंबभर असतं. एवढ्या हवेला तापवण्यातच ती थोडी उष्णता जाते. चांगलं, निरोगी डिझेल इंजिनही जानेवारीच्या सकाळी उभ्या उभ्या अर्धा तास रखडतं. मी अशा वेळी उगाच बदललेले नवेकोरे थर्मोस्टॅट पाहिले आहेत.

पुरानी छावणीवरून बानमोरकडे निघालो. बाहेर 11 अंश, विरळ धुकं. स्कॅनर डॅशबोर्डवर, गॅरेजमधला मुलगा बाजूला बसून आकडे लिहून घेत होता. शहरातून बाहेर पडेपर्यंत गर्दीत इंजिन 68 ते 70वर पोचलं. हायवेला 80च्या वेगाने पाच मिनिटं चालवली, तर आकडा चढायच्या ऐवजी उतरत उतरत 58वर स्थिरावला. ॲक्सिलरेटर सोडून गाडी वाहू दिली तेव्हा 52. परत फाटकापाशी उभी केली, पुन्हा 60च्या पुढे.

हा सगळा खेळ ज्याने एकदा पाहिला तो विसरणार नाही. गर्दीत गरम, वेगात थंड. वारा वाढला की तापमान पडतं, म्हणजे रेडिएटर सतत उघडा आहे. बिघडलेला सेन्सर असा वाऱ्याबरोबर वागत नाही. तो एखाद्या आकड्यावर अडकतो, उड्या मारतो, किंवा सरसकट कमी दाखवतो. खात्रीसाठी रस्त्याच्या कडेला थांबून थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड गन रोखली. गनवर 56, स्कॅनरवर 58. सेन्सर खरं बोलत होता. 88वर चालायला हवं ते इंजिन तीस अंश खाली चालत होतं.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून राहू नका, हेही इथेच सांगतो. अनेक गाड्यांत काटा 75 ते 100च्या दरम्यान मध्यावरच ठेवतात, म्हणजे चालवणारा घाबरत नाही. त्यामुळे 76वर रखडणारं इंजिन काट्यावर अगदी ठीक दिसतं. पाच-सातशे रुपयांचं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र आणि मोबाइल एवढ्यावर खरा आकडा कोणालाही पाहता येतो. काकांच्या गाडीत फरक एवढा मोठा होता की काट्यालाही तो लपवता आला नाही.

परत येऊन पाणी काढलं, दहाच्या पान्याने कोपऱ्याचे, म्हणजे थर्मोस्टॅटवरच्या वाकड्या झाकणाचे, तीन बोल्ट सोडले. लाल सिलिकॉनचा जाड थर खरवडून कोपरा उचलला. आत थर्मोस्टॅट नव्हता. रिकामी, गंजाने तपकिरी झालेली खाच.

काका तोवर आले होते. त्यांनी ती खाच दोनदा निरखून पाहिली. "म्हणजे त्याने पार्टच काढून टाकला?"

"हो. आणि हे काही तुमच्याच गाडीत झालेलं नाही."

हे खरंच आहे. उन्हाळ्यात गाडी गरम होते, मिस्त्री वॉल, म्हणजे थर्मोस्टॅट, काढतो, पंखा डायरेक्ट करतो आणि गरम होणं थांबतं. गिऱ्हाईक खूश. मी शिकत होतो तेव्हा आमच्या उस्तादांनी हेच शिकवलं होतं आणि मीही दोन-तीन उन्हाळे हेच केलं. त्यातल्या ज्या गाड्या परत आल्या त्या मला आजही आठवतात. शिवाय हा उपाय दर वेळी थंडच करतो असंही नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला दुसरी चकती असते. थर्मोस्टॅट उघडला की ती बायपासची वाट बंद करते. पूर्ण थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात शिरतं, आणि गाडी भर उन्हात आधीपेक्षा जास्त तापते.

आता खरा प्रश्न. नवा थर्मोस्टॅट बसवणं सोपं होतं. पण मे महिन्यात ही गाडी तापली होती, आणि ज्या कारणाने तापली ते कारण अजून गाडीतच होतं. दोन्ही जुगाड काढून सगळं जसंच्या तसं केलं असतं तर येत्या मेमध्ये काका पुन्हा डबऱ्यात उभे राहिले असते, आणि कोणीतरी पुन्हा वॉल काढला असता. थंडपणा दुरुस्त करायचा तर आधी गरमपणा शोधायला हवा होता.

"काका, त्या मिस्त्रीने जुने पार्ट परत दिले होते का?"

त्यांनी क्षणभर विचार केला, डिकी उघडली, स्टेपनी उचलली. खाली दुधाच्या पिशवीसारखी एक पांढरी पिशवी, तोंडाला सुतळी. आत थर्मोस्टॅट आणि काळा रिले. काका कोणतीही वस्तू टाकत नाहीत, आणि त्या सवयीने त्या दिवशी माझे दोन दिवस वाचवले.

गॅरेजच्या मागे चहाची शेगडी आहे. जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी घेतलं. थर्मोस्टॅटची झडप बोटांनी दाबून किंचित उघडली, फटीत शिवणकामाचा दोरा सरकवला आणि सोडली. झडपेने दोरा चिमटीत धरला. त्या दोऱ्यावर थर्मोस्टॅट पाण्यात लटकवला, बुडाला टेकणार नाही असा. शेजारी थर्मामीटरची सुई. गॅस बारीक ठेवून पाणी ढवळत राहायचं. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन बुडाशी पडतो. डोळे लावून बघत बसावं लागत नाही. काका स्टूल ओढून बसले. 80. 84. 87. 88ला टप्प असा आवाज आला. पत्र्यावर कोरलेला आकडाही 88च होता. पाणी उकळेपर्यंत झडप पुरती उघडली आणि गॅस बंद केल्यावर निवत निवत घट्ट मिटली.

थर्मोस्टॅट चांगला होता. आठ महिने तो विनाकारण स्टेपनीखाली पडून होता.

त्याचं आतलं काम पाहण्यासारखं असतं. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं, धातूची पूड मिसळलेलं. ठरलेल्या तापमानाला ते मेण वितळतं, फुगतं आणि मधल्या दांड्याला बाहेर ढकलतं. स्प्रिंग ते परत मिटवते. तार नाही, वीज नाही. स्प्रिंग तुटली किंवा गंजाचा खडा झडपेत अडकला तर उघडा राहतो, डबीतून मेण गळालं तर बंद राहतो. पण या गाडीत तसं काहीच झालं नव्हतं.

मग रिले. तारेचा तुकडा काढून हा जुना रिले बसवला, स्कॅनरवरून पंखा चालू करायचा हुकूम दिला. रिले ‘टिक’ वाजला. पंखा हलला नाही. याच ‘टिक’मुळे माणसं फसतात, रिले वाजतोय म्हणजे चालतोय असं वाटतं. वाजते ती आतली कॉइल. करंट नेतात ते कॉन्टॅक्ट. डबीचं झाकण उचकटलं तर कॉन्टॅक्टचे दोन्ही बिंदू जळून काळे, एकावर खड्डा. दोनशे-अडीचशे रुपयांचा पार्ट. डबऱ्याच्या गर्दीत पंखा फिरला नाही तो यामुळे. बाकी सगळं, काढलेला वॉल, डायरेक्ट पंखा, आठ महिन्यांचं वाया गेलेलं डिझेल, काकूंच्या पायांचा गारठा, या एका जळलेल्या बिंदूपासून निघालं होतं.

पण रिले उगाच जळत नाही. पंख्याची मोटर जाम होत असेल तर जास्त करंट ओढते आणि नवा रिलेही चार महिन्यांत जाईल. क्लॅम्प मीटरने मोजलं, पंखा 14 अँपिअरवर स्थिर, बेअरिंगला आवाज नाही, हाताने सहज फिरतोय. मोटर ठीक. मग रिलेचा सॉकेट उपसून पाहिला. एक टर्मिनल सैल, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी. सैल जोडातून मोठा करंट गेला की जोड तापतो. ते टर्मिनल बदललं, वायर नव्याने क्रिंप केली, रिले नवा बसवला. रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी यांच्या मधल्या फटीत धुळीचा आणि किड्यांचा थर होता. तो आतून बाहेर पाणी मारून, पंख न वाकवता साफ केला.

थर्मोस्टॅट जुनाच बसवावा असं काकांचं म्हणणं. चाचणी पास झाला होता, पण कडेची रबरी रिंग कडक झाली होती आणि डबीवर गंजाचे फोड होते. नवा घ्यायचं ठरवलं. दुकानातून पहिला आणला तो दिसायला तसाच, दोनशे रुपयांनी स्वस्त, पत्र्यावर आकडा नाही. तोही पातेल्यात घातला. 76ला टप्प. तो बसवला असता तर इंजिन 60च्या ऐवजी 75वर चाललं असतं, काटा मध्याच्या जवळ दिसला असता आणि प्रकरण सुटलं असं सगळ्यांनाच वाटलं असतं. परत केला. दुसरा, 88 कोरलेला, 87ला उघडला. नवा पार्ट बसवण्याआधी पाण्यात तपासायला पंधरा मिनिटं लागतात, आणि मी ती आता कधीच वाचवत नाही.

पाणी तीन वेळा बदलून स्वच्छ होईपर्यंत धुतलं. मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. "बर्फ तर पडत नाही आपल्याकडे," काका म्हणाले. बरोबर आहे, पण कूलंट फक्त बर्फासाठी नसतं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, नुसत्या बोअरिंगच्या पाण्याने ते कुरतडतं आणि नळ्यांत क्षार बसतो. आणि उन्हाळ्यात उलट फायदा, निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावरही 107 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर.

थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात लटकणारी पिन असते. ती वरच्या बाजूला यायला हवी, अडकलेली हवा तिथून निघते. गाडीचं नाक उतारावर उंच करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, होज दाबत दाबत भरलं. हवा राहिली तर हीटर पुन्हा थंड आणि सेन्सर पुन्हा खोटा.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरी, लोण्यासारखी साय होती. ती पाहून काकांचा चेहरा उतरला, कारण हेडगास्केट गेलं आणि पाणी ऑइलात शिरलं की असंच दिसतं हे त्यांनी ऐकलं होतं. पण रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग नव्हता, पाणी कमी होत नव्हतं, इंजिन चालू असताना बुडबुडे येत नव्हते. आणि डिपस्टिकवरचं ऑइल नितळ काळं होतं, साय फक्त वरच्या थंड झाकणाला. तो साठलेला दमट वाफारा होता. डिपस्टिकला डिझेलचा वास मात्र येत होता, म्हणून ऑइल आणि फिल्टर वेळेआधी बदललं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बानमोर. वरचा होज आठ किलोमीटरपर्यंत गारच. 87 झाले आणि तो एकदम भाजायला लागला. हायवेला 80च्या वेगाला आकडा 88 ते 90मध्ये, ॲक्सिलरेटर सोडला तरी 86च्या खाली नाही. परत येऊन उभी ठेवली, रेव्ह देऊन तापवली. 99ला पंखा लागला, 93ला बंद झाला. हीटरच्या जाळीतून येणारी हवा आधी 29 अंश होती, आता 54. पी 0480 पुसला तो परत आला नाही.

संक्रांतीला दोघं झाशीला जाऊन आले, काकूंनी मुलीसाठी मुरैन्याची गजक नेली होती, थोडी मलाही आणून दिली. शाल मागच्या सीटवर घडी केलेली होती. पुढच्या तीन टाक्यांचं ॲव्हरेज वहीप्रमाणे 18.2, 17.9, 18.6. यात थर्मोस्टॅटचा वाटा किती, सतत फिरणाऱ्या पंख्याचा किती आणि नव्या ऑइलचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. महिन्याने झाकण उघडलं तेव्हा साय नव्हती.

पण मी काकांना सांगून ठेवलं होतं की हे काम पूर्ण झालं की नाही ते मेमध्ये कळेल, तेव्हा या.

22 मेला दुपारी साडेतीनला आले. बाहेर 44. काकू मागे बसल्या, मी पुढे, मोबाइलवर आकडा लावून. मुद्दाम बाड्याच्या बाजारात गेलो, सराफ्याच्या तोंडाशी जिथे गाडी पाय धरून उभी राहते. एसी चालू, बारा मिनिटं जवळपास जागच्या जागी. पंखा एसीबरोबर फिरत होता. 92, 94, 96. तिथे थांबला. एसी बंद करून पाहिला. 99ला पंखा लागला, 93ला थांबला. पुन्हा एसी लावला.

काकांनी स्टिअरिंगवर वही टेकवून त्या दिवसाच्या तारखेपुढे, किलोमीटरच्या शेजारी 96 लिहिलं. गर्दी सुटली तशी एसी न बंद करता त्यांनी गाडी दौलतगंजाकडे वळवली.